पणजोबांचा कांदा

दप्तरखान्यात जायचं ठरलं तेव्हा मी एकच लहानसा निर्णय घेतला. या वेळी सगळी तयारी मी करणार, एनिडनं बोटसुद्धा लावायचं नाही. एनिड माझी बायको. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असा निर्णय मी याआधी दोनदा घेतला होता. (त्या दोन वेळांबद्दल मी काही सांगणार नाही. एकीत अग्निशामक दल आहे.)

आमच्या हॅगरबी गावात माणसाची किंमत त्याच्या कांद्यावरून ठरते. दर सप्टेंबरला गावच्या हॉलमध्ये कांद्यांचं प्रदर्शन भरतं आणि सगळ्यात वजनदार कांदा पिकवणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर रंगवतात. जुना फळा किड्यांनी खाल्ला, म्हणून यंदा नवा करायचा होता. किड्यांनी इतर नावांची नुसती टोकं कुरतडली होती, पण १९११ सालची ओळ माझ्या जन्माआधीच मुळासकट फस्त केली होती. आणि १९११चा तो साडेतीन पौंडांचा कांदा माझ्या पणजोबांचा, ओबडाया मेटकाफ यांचा होता. माझे वडील दर रविवारी जेवताना ही गोष्ट सांगायचे. मी नॉर्मन मेटकाफ, वय अडुसष्ट, मला आयुष्यात कधी कसलं बक्षीस मिळालेलं नाही. असलं तर हे एवढंच होतं, आणि तेसुद्धा पणजोबांचं.

पण शेजारच्या क्लाइव हेबर्नचं म्हणणं, तो कांदा त्याच्या पणजोबांचा.

"तुझ्या पणजोबांना कांदा आणि बटाटा यातला फरक तरी कळायचा का?" तो भर पबमध्ये म्हणाला.

मी ग्लास आपटला. "पुरावा आणतो! फळ्यावर माझ्या पणजोबांचं नाव लागलं नाही, तर प्रदर्शनाच्या दिवशी चहाच्या सगळ्या कपबश्या मी धुईन!"

"आणि माझ्या पणजोबांचं लागलं नाही, तर मी पुसीन!" क्लाइव ओरडला.

चाळीस माणसांनी हे ऐकलं. प्रदर्शनाला चारशे येतात आणि चहा फुकट असतो, म्हणून प्रत्येकजण तीन कप पितो.

कांदा मंडळाची जुनी इतिवृत्तं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात आहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं. इतक्या वर्षांत जाऊन बघायची तसदी कुणी घेतली नव्हती, कारण बघितलं असतं तर भांडण संपलं असतं. शुक्रवारी रंगारी येणार होता आणि शनिवारी प्रदर्शन होतं. मी गुरुवारी सकाळी अकराची वेळ फोनवरून ठरवली आणि १९११चं इतिवृत्त माझ्या नावानं काढून ठेवायला सांगितलं.

मग तयारी सुरू झाली. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मी बारा पेन्सिली आणल्या आणि सगळ्यांना अशी टोकं काढली की एनिडला त्यांची भीती वाटायला लागली. तीन रंगांच्या खुणा लावलेली फाइल केली. पांढरे सुती हातमोजे घेतले. तिथे जुनी पुस्तकं उशीवर ठेवून वाचतात, म्हणून रोज संध्याकाळी उशीवर टेलिफोन डिरेक्टरी ठेवून मी हातमोजे घालून पानं उलटण्याचा सराव करायचो.

"कुणी गेलंय का? अंत्ययात्रेला निघाल्यासारखे हातमोजे घातलेस ते?" एनिडनं पहिल्या दिवशी दारातून विचारलं.

"सराव करतोय."

"बरं. ते पत्र आलंय ना त्यांचं, ते नीट वाचलंस का? सोबत काय काय आणायचं ते?"

"एनिड, आपलं काय ठरलंय?"

"बोट लावायचं नाही," ती म्हणाली आणि विणकामाकडे वळली. तिचा तो समजूतदार चेहरा मला तेव्हाच खटकायला हवा होता.

गुरुवारी गाडी अर्थात तिनंच चालवली. (मला परवाना नाही. परीक्षकाच्या प्रकृतीचा प्रश्न होता.) ती येणार होती तीही माझ्यासाठी नव्हे. तिला शहरात पाण्याच्या बिलाची तक्रार करायची होती. मला सोडून ती पुढे जाणार, एक वाजता परत येणार, आणि तोवर मी इतिहास घडवणार असा बेत होता.

दप्तरखान्यातल्या बाईंच्या छातीवर 'फिलिपा' अशी पट्टी होती. मी हातमोजे चढवूनच पुढे झालो.

"ते नाही लागत," त्या म्हणाल्या. "हात स्वच्छ धुतले की पुरे. ओळखपत्र?"

मी ज्येष्ठांचा बसचा पास दिला. त्यावर माझा बऱ्यापैकी फोटो आहे.

"छान. आणि पत्त्याचा पुरावा? पत्रात लिहिलं होतं बघा. विजेचं बिल, गॅसचं, काहीही चालेल. तुमच्या नावाचं."

इथे मला थोडं मागे जाऊन कबुली द्यायला हवी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विजेचा अर्ज मी भरला होता, आणि त्या अर्जावरून कंपनीनं शेजाऱ्यांची वीज तोडली. (शेजारी म्हणजे हेबर्न मंडळी. तिथून पुढे आमचं बिनसलं.) तेव्हापासून आमच्या घरात एकही अर्ज माझ्या हाती देत नाहीत. वीज, गॅस, पाणी, टीव्ही, घर, सगळं एनिडच्या नावावर. गुरांच्या डॉक्टरकडे कुत्र्याचं कार्ड आहे, त्यावर निदान कुत्र्याचं नाव तरी आहे.

"बाई, मी त्या घरात एकेचाळीस वर्षं राहतोय," मी म्हणालो. "हवं तर हिला विचारा!" एनिड पाण्याच्या कचेरीचा रस्ता विचारायला आत आली होती.

"तसा राहतो तो," एनिड म्हणाली. "जेवायला तर रोज असतो."

"तोंडी चालत नाही हो," फिलिपाबाई कळवळून म्हणाल्या. "पुरावा नसेल तर आत नाही सोडता येत. आणि पुढची वेळ एकदम सोमवारी आहे."

सोमवारपर्यंत फळ्यावरचा रंग वाळणार होता. वडिलांचे सगळे रविवार डोळ्यांपुढून गेले आणि त्यांच्यामागून बाराशे कपबश्या आल्या.

एनिडनं एक उसासा टाकला. पर्स उघडून तिनं आपला गाडीचा परवाना आणि पाण्याचं बिल टेबलावर ठेवलं. "माझ्या नावानं होईल का?"

दोन मिनिटांत झालं. माझ्या बारा पेन्सिलींतली एक घेऊन ती आत गेली. पिशव्या लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता, त्यामुळे माझी फाइल आणि चीजचे सँडविच लॉकरमध्ये गेले आणि लॉकरची किल्ली एनिडबरोबर गेली. मी काचेच्या भिंतीबाहेर बाकावर बसून राहिलो.

तिच्यासमोर उशीवर ते चामडी पुस्तक ठेवलं गेलं. काय सराईतपणे पानं उलटत होती! (डिरेक्टरीची मेहनत माझी होती.) मी बाहेरून खुणा केल्या. तिनं वर बघितलं नाही. मग एका पानावर ती थांबली, वाचलं, आणि खुदकन हसली. तिनं फिलिपाबाईंना बोलावलं. त्याही हसल्या. शेजारच्या टेबलावरचे एक गंभीर म्हातारे गृहस्थ उठून आले, त्यांनी वाचलं, आणि काचेतून माझ्याकडे टक लावून बघितलं.

एनिड बाहेर आली तेव्हा मी उभाच होतो. "मेटकाफ की हेबर्न? एवढंच सांग."

"मेटकाफ."

मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि दुर्दैवानं मी ते बोलून गेलो.

"बस खाली," एनिड म्हणाली आणि पेन्सिलीनं उतरवलेला कागद वाचायला लागली. "'पहिला क्रमांक, साडेतीन पौंड, मिसेस हेफ्झिबा मेटकाफ.'"

"मिसेस? ही तर पणजी!"

"ऐक तर. 'कांदा मिस्टर मेटकाफ यांनी वाढवला असला, तरी ज्याचा वाफा त्याचं बक्षीस हा मंडळाचा नियम आहे. गावच्या जमिनीतला हा वाफा मिसेस मेटकाफ यांच्या नावावर आहे, कारण मिस्टर मेटकाफ यांनी वाफ्याचा अर्ज लागोपाठ तीन वर्षं चुकीच्या कचेरीत दिला.'"

मी तिच्या खांद्यावरून वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"त्यांचंही नाव आहे रे, खाली," एनिड जरा मायेनं म्हणाली. "'चहाच्या कपबश्या धुतल्याबद्दल मिस्टर ओबडाया मेटकाफ यांचे सभेनं आभार मानले.'"

शनिवारी नव्या फळ्यावर पणजीचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं. मेटकाफ ते मेटकाफ, असा युक्तिवाद मी करून पाहिला. पण क्लाइव म्हणाला, "तू पणजोबा म्हणाला होतास. चाळीस माणसांनी ऐकलंय." त्याचेही पणजोबा फळ्यावर नव्हते, तेव्हा तो बिचारा फडकं घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी सहापर्यंत आम्ही बाराशे कपबश्या उरकल्या. पणजोबांचे निदान सभेनं आभार तरी मानले होते. माझ्या कपबश्या एनिडनं उजेडात धरून बघितल्या आणि त्यातल्या अकरा परत धुवायला लावल्या.