सुडोचा हुकूम

सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या कम्प्युटरला मराठी येईना झाली. विशाखाचा रहिवासी दाखला छापून निघाला तर नावाच्या जागी चौकटी, बापाच्या जागी चौकटी, गावाच्या जागी बी चौकटीच. साहेबाची सही तेवढी वाचता येत नव्हती, म्हणजे ती बरोबर व्हती.

"पाचच्या आत मला नांदेडला हा कागद द्यायचाय," विशाखा म्हणली. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेली पोर. नर्सिंगच्या ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस.

"दोन मिनिटं, ताई. अक्षरांचं पॅकेज टाकतो." कंत्राटावरच्या प्रीतमनं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. मशीन म्हणलं, परवानगी नाही. मग त्यानं त्या ओळीच्या आधी 'सुडो' लिहिलं. मशीन लईच चिडलं. म्हणलं, तुमचं नाव सुडोच्या फाइलीत नाही, या घटनेचा अहवाल पाठवला जाईल.

"अहवाल?" अव्वल कारकून रेवणसिद्धअप्पांचा चहा बशीतच ऱ्हायला. "कुणाला?"

"म्हाईत न्हाई, अप्पा."

"म्हाईत न्हाई म्हणजे लई वरचा असणार. फाइल शोधा!"

चार कपाटं उपसली. निजामाच्या काळात एका घोड्याला आजारपणाची रजा मंजूर केलेली फाइल सापडली. उंदरांची सातवी पिढी सापडली. सुडोची फाइल काय सापडंना.

"हे सुडो म्हणजे असतंय तरी काय रे?"

"साहेबाच्या अधिकारानं काम कर, असं मशीनला सांगणं."

"मग आधी सांगायचं की, बाबा! सुदोला बोलवा."

सुदो म्हणजे सुदाम शिपाई. साहेबाच्या अधिकारानं कचेरीतली कामं तोच करायचा, तवा अप्पांचं फार चुकलं असं बी म्हणता येत न्हाई. लगेच हुकूम निघाला: 'संगणकाने नावानिशी मागणी केल्यावरून श्री. सुदाम, शिपाई, यांस संगणकाचे सर्वाधिकार प्रदान करण्यात येत आहेत. इतरांनी कळफलकास स्पर्श करू नये.' साहेबाच्या कपाटातला पासवर्डचा लिफाफा सुदामाच्या हाती आला. तवर नांदेडची दोनची एसटी निघून गेली व्हती.

सुदामानं हात पुसला अन् एका बोटानं सुरुवात केली. प्रीतम लांबून एकेक अक्षर सांगून राहिला. मशीननं विचारलं, हे पॅकेज टाकायचं तर बेचाळीस जुनी काढावी लागतील, पुढं जायचं का?

"थांबा, सुदामकाका!" प्रीतम वरडला. "यादी वाचू द्या. त्यात दाखल्यांचा प्रोग्राम अन् सगळ्या नोंदी बी हायेत!"

"वाचायचं काय त्यात?" अप्पा कडाडले. "तीस वर्षं नोकरी झाली माझी. वाचून सह्या केल्या असत्या तर अजून पहिल्याच कागदावर असतो. दाब रे!"

सुदामानं दाबलं.

अक्षरं आली, मोत्यासारखी. दाखले तेवढे गेले. एकट्या विशाखाचाच न्हाई, समद्यांचा. त्या घटकेला आमच्या तालुक्यात रहिवासी म्हणून एक माणूस उरला नव्हता.

अप्पांनी मग त्याच मोत्यांसारख्या अक्षरांत एक कागद छापून घेतला: 'सदर नोंदी आमच्या संमतीने काढण्यात आल्या असून आमची कोणतीही तक्रार नाही.' कागद दाखल्यांसाठी खोळंबलेल्या लोकांच्या रांगेत फिरला. सह्या भराभर पडल्या. विशाखापाशी येऊन अडला.

"मी न्हाई संमती दिली," ती म्हणली. "माझी नोंद आधी परत घाला."

"घालतो की, बाळ. त्याला रहिवासी दाखला लागतो. आणलाय का?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. पोर कागद हातात धरून तशीच उभी. तेवढ्यात रांगेतनं कुणीतरी वरडलं, "ए पोरी, वाचत काय बसलीस? कर की सही, आमचा खोळंबा हून राहिला!"

आवाज मला वळखीचा वाटला. तुमचाच व्हता न्हवं?