साथीला आजोबा

रविवारी जेवणं उरकल्यावर चष्मेवाल्यांनी बाहेरच्या खोलीतली कुंडी हलवली, पडदा सरकवला आणि मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला. समोर त्यांची नऊ वर्षांची मुलगी बिट्टी व्हायोलिन खांद्याला लावून उभी होती.

"बाईंनी सांगितलंय, एवढ्यात कुणापुढे वाजवायचं नाही," बिट्टी म्हणाली. बाई म्हणजे तिच्या व्हायोलिनच्या शिक्षिका.

"कुणापुढे कुठे? आपण तर घरातच आहोत."

"मग मोबाईल कशाला?"

"आठवण म्हणून," चष्मेवाले म्हणाले आणि खोट्या माणसासारखे कुंडीकडे पाहू लागले.

आठवण वगैरे काही नव्हतं. चौकातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना त्यांनी एका सात वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ पाहिला होता. मुलगा आपल्यापेक्षा उंच वाद्य वाजवत होता आणि बावीस लाख लोक त्याला पाहून गेले होते. तेव्हापासून चष्मेवाल्यांच्या जिवाला चैन नव्हती. बिट्टी नऊची झाली, म्हणजे दोन वर्षं वायाच गेली, असा त्यांचा हिशेब. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे. पण बिट्टीने गज तारेवर ठेवला की आपल्या पोटात काहीतरी हलतं, एवढं त्यांना नक्की कळत होतं, आणि जे आपल्याला होतं ते बावीस लाखांना व्हायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटे.

"आजोबा झोपलेत," बिट्टी म्हणाली.

"झोपू देत. ते चित्रात येत नाहीत."

आजोबा चित्रात येत होते. डाव्या कोपऱ्यात आरामखुर्ची, खुर्चीत मान मागे टाकून उघड्या तोंडाने झोपलेले आजोबा, असं सगळं व्यवस्थित आलं होतं. बिट्टीने एक संथ चालीची, बरीच अवघड रचना वाजवली. चष्मेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात, गिऱ्हाईक बसलेलं म्हणून आवाज बंद ठेवून, तो व्हिडिओ डोळे भरून पाहिला. पाहिलं ते फक्त मुलीकडे. मग 'नऊ वर्षांची मुलगी, ऐकून थक्क व्हाल' असं नाव देऊन तो नेटवर सोडून दिला.

लोक थक्क झाले. बुधवारपर्यंत चार लाख, शनिवारी नऊ. चष्मेवाले घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"लोक काय म्हणतायत?" बिट्टीच्या आईने विचारलं. ती हाडांच्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची, त्यामुळे कुणाच्याही उत्साहाला लगेच भुलत नसे.

"ते अजून वाचलं नाही. आकडाच बघत होतो."

तिने मोबाईल घेतला आणि वाचू लागली. "'आजोबा दर चौथ्या मात्रेला बरोबर येतात.' 'काय तो आजोबांचा खर्ज.' 'मुलीने जरा हळू वाजवलं असतं तर आजोबा नीट ऐकू आले असते.'" एवढं वाचून ती हसत हसत खाली बसली, ती बराच वेळ उठली नाही.

चष्मेवाल्यांनी पहिल्यांदाच आवाज लावून व्हिडिओ ऐकला. खरंच होतं. बिट्टीचा स्वर लांबत जाऊन थांबायचा आणि त्या थांब्यात आजोबांचं घोरणं असं अलगद येऊन बसायचं, की वाटावं दोघांनी महिनाभर तालीम केलीय. कुणीतरी तर बिट्टीला कापून नुसते आजोबाच ठेवले होते आणि तेही सहा लाखांनी पाहिले होते.

बिट्टी हे सगळं शांतपणे पाहत होती. "नऊ लाख लोकांनी ऐकलं?" तिने विचारलं.

"हो, राणी."

"मधे मी एका ठिकाणी वाईट चुकले. कुणी काही म्हणालं का?"

"नाही. कुणीच नाही," चष्मेवाले तिची समजूत काढल्यासारखं म्हणाले.

"म्हणजे कुणीच ऐकलं नाही," बिट्टी म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

चष्मेवाल्यांना हे फार लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी आजोबांना जेवणानंतर फिरायला पाठवलं, आरामखुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि बिट्टीची मनधरणी करून तीच रचना पुन्हा वाजवून घेतली. या वेळी ती कुठेच चुकली नाही. हा व्हिडिओ त्रेसष्ट जणांनी पाहिला. पहिल्याने विचारलं, "आजोबा कुठे आहेत?" दुसऱ्याने विचारलं, "बरे आहेत ना?" तिसऱ्याने सगळं ओळखून हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि चौथ्यापासून श्रद्धांजल्या सुरू झाल्या.

संध्याकाळी घरचा फोन वाजला. आजोबा नुकतेच फिरून आले होते, त्यांनीच उचलला. पलीकडे त्यांची धाकटी बहीण होती. तिला हुंदक्यांमुळे आवाज ओळखू येईना.

"अण्णा कसे गेले हो?"

"चालत," आजोबा म्हणाले.

"म्हणजे शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते म्हणायचं."

"अजून आहे. अगं, मीच बोलतोय."

पलीकडचे हुंदके एकदम थांबले. मग बहीण म्हणाली, "मग तसं कळवायचं तरी," आणि रागाने फोन ठेवला.

झोप सोडली तर आजोबांना या प्रकरणातलं तोवर काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सुनेने त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, स्वतःला दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "वाईट नाही."

त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या सभागृहातून फोन आला. बालवादकांचा कार्यक्रम होता आणि आयोजकांना बिट्टी हवी होती.

"अवश्य," चष्मेवाले म्हणाले.

"आणि आजोबा."

"आजोबा कशाला? वाजवते ती."

"त्याचं असं आहे," आयोजक अदबीने म्हणाले, "वाजवणारी मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत."

चष्मेवाल्यांनी अपमान गिळला. बिट्टीने विचार करून एकच प्रश्न विचारला, "तिथे आवाज घुमतो का चांगला?" घुमतो म्हटल्यावर ती तयार झाली. बाईंनीही, हॉल चांगला आहे, तर वाजवू दे, म्हणून परवानगी दिली. राहिले आजोबा.

"मला तिथे काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा. झोपायचं."

"केव्हा?"

"ती वाजवायला लागली की."

आजोबा गंभीर झाले. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली होती आणि कुठलंही काम अंगावर घेतलं की ते चोख करायचं, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी आपला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "मधल्या भागात मी जरा लवकर येतो," ते सुनेला म्हणाले. रोज दुपारी वेळेवर खुर्चीत बसून ते डोळे मिटत, बिट्टी सुरू करी, आणि अर्ध्या मिनिटात एक डोळा उघडून आजोबा विचारत, "आता?"

झोप अशी बोलावून येत नाही. दुपारची गेली, मग रात्रीचीही गेली. सुनेने गरम दूध दिलं, पायांना तेल चोळलं. आजोबा ताठ जागे. कार्यक्रम दोन दिवसांवर आला तेव्हा चष्मेवाले खुर्चीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अण्णा, नाहीच आली झोप, तर नुसता आवाज काढला तरी चालेल."

आजोबांनी मुलाकडे असं पाहिलं, की चष्मेवाले पुन्हा दहा वर्षांचे झाले.

"खोटं घोरू?" आजोबा म्हणाले. "लोकांनी माझं खरं घोरणं ऐकलंय."

कार्यक्रमाच्या दिवशी आरामखुर्ची टेम्पोने सभागृहात गेली. हॉल गच्च भरला होता. पडदा वर गेला तेव्हा व्हायोलिन घेऊन उभ्या असलेल्या बिट्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेकडो मोबाईल एकदम वर झाले आणि सगळ्यांचं तोंड खुर्चीकडे वळलं. आजोबांनी सभ्यपणे मान झुकवली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. बिट्टीने गज तारेवर ठेवला.

पहिला स्वर लांबत गेला, थांबला. सगळ्यांनी कान टवकारले. आजोबा आले नाहीत. दुसऱ्या थांब्याला लोकांनी श्वासही रोखला, शेजारच्याने खोकू नये म्हणून एकमेकांना दटावलं. आजोबा नाहीत. ते येतील, आता येतील, म्हणून ते भरलं सभागृह इतकं गप्प झालं, की तशी शांतता त्या वास्तूने कधी अनुभवली नसेल. आणि त्या शांततेत बिट्टी एकटी वाजवत होती. पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्यांच्या पोटात ते नेहमीचं हललं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर एकेक मोबाईल खाली येत होता. हात दुखल्याने नव्हे. लोक ते हातात आहेत हेच विसरले होते.

आजोबांनी मधेच डोळे उघडले होते. त्यांनी पाय आखडून घेतले, पुढे वाकून हनुवटी मुठीवर टेकली आणि शेवटपर्यंत नातीकडे पाहत राहिले. रचना संपली, टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. बिट्टी खुर्चीजवळ आली.

"हे तू रोज वाजवतेस?" आजोबांनी विचारलं.

"रोज. दुपारी."

"मला कुणी बोललं नाही," आजोबा म्हणाले आणि रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी उत्साहाने मोबाईल उघडला. त्यात पडदा, आजोबांचे पाय आणि पुढे सगळा त्यांच्याच मांडीचा काळोख होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळीकडे शोधलं. एवढ्या माणसांपैकी एकाकडेही ते वाजवणं सापडलं नाही. आयोजकांचा कॅमेरासुद्धा आजोबांवर रोखलेला होता.

मग एका दुपारी बिट्टी शाळेतून थेट दुकानात आली. पाठीला दप्तर, हातात व्हायोलिन. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ती धपकन बसली.

"घरी का नाही गेलीस?"

"आजोबा वाट बघतायत."

"मग चांगलंच आहे की."

"नाही, पप्पा. ते आता झोपतच नाहीत. समोर ताठ बसतात. मी चुकले की 'हं' म्हणतात. चांगलं झालं तरी 'हं' म्हणतात, पण वेगळं. आणि संपलं की 'पुन्हा' म्हणतात." तिने सुस्कारा सोडला. "मला चुकायला जागाच राहिली नाही घरात."

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला. मग डोळे तपासायच्या छोट्या काळोख्या खोलीचं दार उघडून दिलं. बिट्टी आत गेली, दार लागलं, आणि थोड्या वेळाने आतून एक तुटका स्वर आला, मग तोच पुन्हा, मग तोच पुन्हा.

फ्रेम निवडत बसलेले एक गृहस्थ हातातली फ्रेम तशीच धरून थांबले. त्यांनी मान कलती केली.

"कोण वाजवतंय हो आत?"

"माझी मुलगी आहे," चष्मेवाले आवाज खाली आणून म्हणाले. "पण कृपा करून ऐकू नका, तिला आवडत नाही."