हुकुमाची ओळ आखूड केली, त्याची बखर

श्रीवाचनेश्वर प्रसन्न. वाचणारांचे डोळे शाबूत राहोत, माना न अवघडोत. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरे, चैत्रमासी वर्तमान घडले ते ऐसे जे, एक राज्य होते, तेथे महाजालाचा अंमल होता आणि दरबारचे संकेतस्थळ पांढऱ्या पडद्यावर पूर्व वेशीपासून पश्चिम सरहद्दीपर्यंत पसरले होते. हुकुमाची ओळ जेथवर जाईल तेथवर सरकारची हद्द, ऐसा रिवाज. सबब ओळ मध्ये कोठेही मोडीत नसत. रयतेने शिदोरी बांधून वाचावयास निघावे, ओळीच्या शेवटास पोहोचावे, मग दुसरी ओळ धरावयास माघारे यावे आणि चुकून पहिलीच धरून पुन्हा चालू लागावे. ऐसे कैक शहाणे लोक वाचता वाचता म्हातारे झाले.

दरबारी हुकूम लिहावयाचे काम जिवाजीपंत चिटणीस यांजकडे. त्यांची स्त्री सगुणाबाई, "दरबारी चाकरांच्या बायकांनी माहेरी" इतके वाचून, पुढे जावे म्हटले आहे की जाऊ नये, हे पाहावयास निघाल्या. वर्ष लोटले. माघारी येत, पहिलीच ओळ धरीत आणि पंतांच्या दारावरून पुन्हा निघून जात, पण ओळ सुटेल म्हणून डोळा वर करीत नसत. मग पंतांस घर खावयास उठले. पिठले करावे तर करपे, आणि करपले नाही त्या दिवशीही बाईंवाचून गोड लागेना.

मग पंतांनी हिय्या करून महाराजांस अर्ज केला, "सरकार, पडद्याच्या कडेस एक खुंटी बसवावी. ज्याने त्याने ती पिळून ओळ आपल्या डोळ्यांपुरती करून घ्यावी." हे ऐकता पश्चिमेचे जहागीरदार रंगराव उसळून बोलिले, "आज रयत ओळ आखूड करील, उद्या माझी आमराई परमुलखात जाईल!" महाराज बोलिले, "पंत, पिळा खुंटी. मुलूख घटला तर तुमची मान घटेल." मग पंतांनी देवाचे नाव घेऊन खुंटी पिळली आणि ओळ आखडू लागली, आणि सरहद्द गुराढोरांसह सरकत आली, आणि रंगरावांची आमराई खरेच परमुलखात गेली, आणि तलवारवाला पुढे झाला. इतक्यात जासूद धापा टाकीत आला, "सरकार, ओळीत न मावलेला मजकूर खाली उतरला! डोंगर ओलांडून दक्षिणेस गेला, शेवटची ओळ समुद्रात भिजते आहे!" महाराजांस समुद्राची हौस फार. तत्काळ साखर वाटविली, पंतांची मान पंतांसच बक्षीस दिली आणि रंगरावांस आरमार दिले, त्यांस पोहता येत नसताही.

आणि ओळीच्या टोकास पोहोचलेल्या सगुणाबाई ओळीसंगे सरकत येऊन पंतांपुढे ठाकल्या. पंत बोलिले, "आलीस? चल घरी."

"थांबायचं जरा. एवढी चालले, आता दुसरी ओळ वाचू द्यायची." आणि बाईंनी मान न हलविता वाचली, "जावे, खुशाल जावे, कोणास विचारू नये." मग अक्षर न्याहाळीत बोलल्या, "हे इकडचंच अक्षर ना?"

"होय."

"म्हणजे मी निघाले तेव्हा इकडे ठाऊक होतं? दारावरून जात होते तेव्हाही?"

"ठाऊक होते. परंतु दरबारचा मजकूर घरात बोलू नये, ऐसा आमच्या चाकरीचा रिवाज."

 बाई गोड आवाजात बोलल्या, "जरा त्या ओळीच्या टोकाला उभं राहायचं." पंत भोळेपणी उभे राहिले. बाईंनी खुंटी हाती धरली आणि उलटी पिळली, ती पार अखेरपर्यंत.

ओळ धावली, पंत तिजसंगे पश्चिम सरहद्दीस गेले, रंगरावांची आमराई परत आली आणि महाराज समुद्रात पाय सोडून बसले होते ते परक्याच्या वाळूत राहिले.

तात्पर्य इतकेच, खुंटी रयतेच्या हाती आहे आणि राज्य वाचणाराच्या मर्जीने रुंद वा लांब होत असते. सगुणाबाई माहेरी सुखरूप पोहोचल्या. पंत अद्याप चालत येत आहेत आणि वाटेत जो भेटेल त्यास, कोणी न विचारता, दरबारचा सगळा मजकूर सांगत असतात.