बहीण बरी होईपर्यंत चहा बंद

रविवारच्या उपासनेत दुसरा शास्त्रपाठ सरूबाई वाचणार, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि त्या दिवसापासून सरूबाईची झोप उडाली.

पाठ अकरा वचनांचा होता. सरूबाईचं वय एकसष्ट, आणि अक्षरओळख होऊन उणीपुरी दोन वर्षं झालेली, तीही नात सायलीच्या पाटीवर. घरात बसून तिनं ती अकरा वचनं पंचवीस वेळा तरी वाचली होती. पण चर्चमध्ये दीडशे माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की कोणी छातीत मसाला कुटायला बसावं तशी धडधड सुरू व्हायची. त्यात चौथ्या वचनात एका परक्या गावाचं सात अक्षरी नाव होतं. तिथपर्यंत आलं की जीभ टाळूला चिकटायची.

ती सरकारी दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, ही काळजीची धडधड आहे. रोज चाला, लांब श्वास घ्या, लवकर झोपा, चहा कमी करा. सरूबाईनं मन लावून ऐकलं आणि दिवसाच्या सहा कपांचे साडेपाच केले. धडधड काही थांबली नाही.

नवऱ्याला, कारभारीला, तिनं गुडघा दाखवायला गेले होते असं सांगितलं. कारण त्याला सांगणं म्हणजे सगळ्या मुकुंदवाडीला सांगणं. आणि पाळकसाहेबांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी मायेनं पाठ काढून चतुराबाईला दिला असता. चतुराबाई बारा वर्षं पाठ वाचत होती, अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखा. सरूबाईचं नाव जाहीर झालं तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "घाई कशाला करता पाळकसाहेब? अजून एक वरीस घरीच वाचू द्या की तिला." त्याच क्षणी सरूबाईनं ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण पाठ आपणच वाचायचा.

दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असे. तिथं बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा, झाकणाला भोक पाडलेला. ज्याला जी चिंता असेल ती त्यानं निनावी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, पाळकसाहेबांनी ती वाचायची आणि सगळ्यांनी मिळून देवाच्या हवाली करायची. सरूबाईनं आजवर चिठ्ठी टाकली नव्हती. तिला लिहिताही येतं हे सायलीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत ती अजून अंगठाच लावायची, कारण कोणी बघत असलं की पेन सरळ चालत नसे. पण मंगळवारी दुपारी दार लावून ती बसली आणि तासाभरात तिनं लिहिलं : 'एका बहिणीची छाती धडधडते. झोप नाही. प्रार्थना करा.' कागद लांब धरून पाहिला. अक्षर तिला फार आवडलं.

बुधवारी सभा कृष्णाभाऊकडे होती. कृष्णाभाऊनं तीस वर्षं कंपाउंडरकी केलेली, त्यामुळं मंडळीत डॉक्टरांच्या खालोखाल त्याचाच शब्द. पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि कृष्णाभाऊनं ती हातात घेऊन चष्म्यापुढं धरली.

"अक्षर बघितलं का?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "हात कसा लटालटा कापलाय बघा. ही रेघ तर पार खाली घसरलीये. असं अक्षर मी दवाखान्यात पाहिलंय, शेवटच्या दिवसांत."

सगळ्या बाया हळहळल्या. सरूबाई मात्र मनातून भयंकर चिडली. तासभर घाम गाळून काढलेलं अक्षर होतं ते.

मग चिठ्ठी कोणाची याचा शोध लागला. कृष्णाभाऊनं हजेरीची वही काढून एकेकीच्या सहीशी अक्षर ताडून पाहिलं. सरूबाईच्या अंगठ्यापाशी बोट आलं तेव्हा चतुराबाई म्हणाली, "तिला सोडा. ती वाचती, लिहीत नाय." सरूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं आणि ते आपलं म्हणायचीही सोय नव्हती.

शेवटी कृष्णाभाऊनंच तोड काढली. बहीण कोण ते कळत नाही, पण ती आपल्यातलीच आहे. तेव्हा सगळ्यांनीच इलाज करायचा, म्हणजे तिचाही आपोआप होईल. पहाटे साडेपाचला मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालत जायचं. फलाटावर दहा लांब श्वास घ्यायचे. धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. रात्री नऊला फोन कपाटात. दिवसभर तासातासाची प्रार्थनेची साखळी, दर तासाला एकजण. आणि उपास म्हणून चहा बंद.

"किती दिवस बंद?" कारभारीनं घाबरून विचारलं.

"बहीण बरी होईपर्यंत," कृष्णाभाऊ म्हणाला. "तिनं सोता सांगंपर्यंत."

'आमेन' म्हणताना कारभारीचा आवाज फार बारीक निघाला.

गुरुवारी पहाटे बत्तीस माणसं फलाटावर ओळीनं उभी राहून कृष्णाभाऊच्या हातवाऱ्यावर श्वास ओढू-सोडू लागली. पॅसेंजर येऊन थांबली तशी खिडक्यांतून डोकी बाहेर आली आणि एका पोलिसानं येऊन विचारलं की हे आंदोलन कशासाठी आहे.

शुक्रवारपर्यंत चहाविना मंडळीची डोकी ठणकायला लागली. गायनाच्या सरावात पेटीवाला आणि ढोलकीवाला एकमेकांकडे पाठ करून बसले. पाळकसाहेब एकाएकी मंडळीबाहेरच्या घरांना भेटी देऊ लागले, आणि जिथं गेल्या गेल्या चहा येतो अशाच घरांना, असं कारभारीचं म्हणणं. कारभारीचे स्वतःचे तर फार हाल झाले. वाळूजच्या कंपनीत त्यानं चहाच्या सुट्टीवरच नोकरी काढली होती.

"कोण बाई हाय ही?" तो सरूबाईपुढं रिकामा कप ठेवून म्हणाला. "एकदाची बरी तरी व्हावी. मला भेटली ना, तर चांगलंच सुनावतो तिला."

"काय सुनावणार?" सरूबाईनं विचारलं.

"हेच की बाई, तू एकटी धडधडतीस, आमच्या चहाचं काहून पाणी करतीस?"

सरूबाईनं त्याला धने-जिऱ्याचं पाणी दिलं.

साखळीत तिच्या वाट्याला दुपारचा तीन ते चारचा तास आला होता, ऐन चहाच्या वेळेचा. पहिल्या दिवशी गुडघे टेकून ती नुसतीच बसली. स्वतःसाठीच 'त्या बहिणीला' म्हणून प्रार्थना करायची म्हणजे देवाला फसवल्यासारखं वाटत होतं. पण देवाला तर ठाऊकच होतं. मग ती सांगत सुटली, की बाई वाईट नाही, उतारवयात अक्षरं शिकली, नुसती भित्री आहे. बोलता बोलता तिला त्या बाईची खरोखर कीव आली. उठली तेव्हा छाती शांत होती. त्या रात्री नऊला फोन कपाटात गेला आणि सरूबाई सकाळपर्यंत घोरली. तिसऱ्या पहाटे तर स्टेशनपर्यंत जाताना ती सगळ्यांच्या पुढं होती. सगळ्यांच्या मागं होती चतुराबाई.

त्यामुळं जे व्हायचं तेच झालं. धापा टाकणाऱ्या चतुराबाईसाठी कृष्णाभाऊनं फलाटावर खुर्ची मागवली आणि बाया तिच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघू लागल्या. शनिवारी दुपारी चतुराबाई तणतणत सरूबाईच्या दारात आली.

"सगळ्यांनी मिळून मला आजारी करून टाकलंय," ती म्हणाली. "पाळकसाहेब घरी येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. मी चिठ्ठी लिहिली नाय, सरू, शपथ." मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, "पण लिहायला पायजे होती. बारा वर्षं पाठ वाचती मी. बारा वर्षं शनिवारी रात्री डोळ्याला डोळा लागत नाय. तुझं नाव आलं तवा वाटलं, हिला काहून ह्या घाण्याला जुंपता."

चिठ्ठी आपली, हे सरूबाईच्या ओठांवर आलं होतं. पण पाठ अजून वाचायचा होता, म्हणून तिनं ते गिळलं आणि विचारलं, "मग वाचती कशी?"

"वाचती," चतुराबाई म्हणाली. "धडधडतं तसंच वाचती. तू पण वाच. अडलं तर थांब, श्वास घे. मी पुढंच बसंन."

रविवारी सरूबाई उठून सगळ्यांपुढं उभी राहिली. तीन वचनं नीट गेली. चौथं आलं, सात अक्षरी गाव आलं आणि जीभ टाळूला चिकटली. सरूबाई थांबली. तिनं लांब श्वास ओढला.

चार दिवसांची सवय. समोर सगळ्या मंडळीनं तिच्याबरोबर मोठ्यानं श्वास ओढला आणि तिच्याबरोबरच सोडला. पुढच्या बाकावर चतुराबाईचा आवाज सर्वांत मोठा. वेदीवरची मेणबत्ती विझता विझता राहिली. आणि सरूबाईनं ते गाव एका दमात ओलांडून थेट अकराव्या वचनापर्यंत पाठ नेला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, ती आजारी बहीण बरी झाली असेल तर तिनं हात वर करावा. कोणी हात वर केला नाही. कारभारीनं मागच्या बाकापाशी ठेवलेल्या चहाच्या रिकाम्या पातेल्याकडे बघून डोळे मिटून घेतले.

पाठ वाचणाऱ्यानं उपासनेच्या वहीत सही करायची रीत होती. कृष्णाभाऊनं वही उघडली आणि नेहमीसारखी शाईची गादी पुढं सरकवली. सरूबाईनं गादी बाजूला केली, पेन उचललं आणि सगळ्यांदेखत एकेक अक्षर करत नाव लिहिलं. बाईवरची रेघ पार खाली घसरली.

कृष्णाभाऊ वहीकडे बघत राहिला. खिशातून त्यानं ती चिठ्ठी काढली, वहीशेजारी धरली, सरूबाईकडे पाहिलं, आणि चिठ्ठी घडी करून परत खिशात घातली.

"चहा ठेवा रे," तो मागं वळून म्हणाला. "बहीण बरी हाय." मग खाली वाकून हळूच म्हणाला, "हात मात्र अजून कापतोय, सरूबाई."

"हात काय कापत नाय," सरूबाई पेनाचं टोपण लावत म्हणाली. "माझं अक्षरच तसं हाय."