तिसरं मागणं

सेरिमबेतच्या गाडीची बॅटरी रोज संध्याकाळी घरात यायची आणि पाहुण्यांच्या मानाच्या जागी रजई पांघरून निजायची. "मला न्यूमोनिया झाला तेव्हा ही रजई सापडली नव्हती," कुल्झिरा म्हणायची. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असे : तुला किल्लीने चालू व्हायचं नसतं.

थंडीची तयारी हा त्याचा धर्म होता. खिळ्यांचे टायर, इंजिनाला लोकरीच्या नमद्याची गोधडी. शेजारच्या झोल्दासला ही प्रवचनं तोंडपाठ होती. त्याची गाडी मात्र पहिल्या बर्फाला मरायची आणि वसंतात बॅटरीची भीक मागत उठायची.

उद्या लेकीच्या होणाऱ्या सासरी जायचं होतं. व्याही गाडीवरून माणूस जोखणारे. आणि नेमका भाच्याचा फोन आला, चहाला येतोय म्हणून.

त्यांच्यात रीत अशी : बहिणीच्या मुलाने आयुष्यात तीनदा काही मागितलं, तर मामाने नाही म्हणायचं नसतं. अर्नुरने एक शिंगरू नेलं होतं, मग एक गालिचा. तिसरं मागणं शिल्लक होतं, आणि मागच्या खेपेला तो बॅटरीकडे फार मायेने बघत होता.

सेरिमबेतने घाईघाईने बॅटरी उचलली आणि झोल्दासला गळ घालून त्याच्या मेलेल्या गाडीत बसवली. तिथे कोण बघतंय?

भाच्याने बशीभर तळलेले बाउरसाक फस्त केले आणि गाडीची चौकशी केली.

"कसली गाडी बाबा," सेरिमबेत कण्हला. "इंजिन गोठून फुटलं. या वयात तयारी होते का कुठे?"

कुल्झिराने किटलीआड तोंड लपवलं.

अर्नुर मनापासून हळहळला. "मग मामा, ते धूड दारात कशाला? मलाच द्या. हे माझं तिसरं."

त्याने ती गाडी ट्रकला दोर बांधून नेली. खिळ्यांचे टायर बर्फावर काय सुरेख चालले!

सकाळी झोल्दासच्या गाडीतून जाण्यावाचून इलाज नव्हता. ती एका किल्लीत गरजली. व्याही दारात थक्क झाले. त्यांची स्वतःची गाडी तीन दिवस गारठून पडली होती. आपलीही गोठली, असं सेरिमबेतने सांगून टाकलं.

"सोपं आहे," झोल्दास मांसाच्या परातीवर वाकत म्हणाला. "बॅटरी संध्याकाळी घरात घ्यायची. रजई पांघरायची. आळस करायचा नाही."

सेरिमबेतने मांसाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. भाच्याला फसवू पाहणारा मामा, ही ओळख सोयरिकीच्या पहिल्याच दिवशी कोण करून देणार?

व्याह्यांनी सेरिमबेतच्या वाडग्यात चहा ओतला. "असा माणूस शेजारी असून," ते हळूच म्हणाले, "तुमची गाडी गोठली कशी हो?"