आधी खर्च बघू, मग गाडी

आप्पा सुतारांनी मोटार घेण्याआधी तिचे सुटे भाग जमवायला सुरुवात केली होती. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आलो तेव्हा त्यांच्याकडे चार स्पार्क प्लग, रेडिएटरचं एक झाकण आणि बरणीत घालून ठेवलेल्या चाकाच्या अठ्ठावीस तारा होत्या. मोटार नव्हती. सायकलसुद्धा नव्हती. उद्यमनगरातल्या फौंड्रीत ते चालत जात आणि चालत परत येत.

आप्पा तिथं पॅटर्न करत. लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो, मग त्याचा वाळूत साचा घेतात. ते लाकडाचं काम आप्पांचं. माणूस एकटा. लग्न राहून गेलेलं. बोलणं असं, की दोन खोल्या पलीकडे आमच्या घरात रेडिओ बंद करावा लागे.

मी सरकारी कचेरीत हिशेब तपासतो हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात ते दारात येऊन उभे राहिले.

"आडिटर, एक गाडी घ्यायची हाय. आधी खर्च बघू, मग गाडी बघू."

हे शेवटचं वाक्य मी पुढे अकरा वर्षं ऐकलं.

गाडी मुरगूडच्या एका डॉक्टरांची होती. विलायती, दोन दारांची, वरून उघडी, रेसच्या गाडीसारखी बुटकी. दोन कार्बोरेटर, तारांची चाकं, आणि मीटरवर शंभराच्याही पुढे मैलांचे आकडे. डॉक्टरांनी ती तरुणपणी हौसेनं मुंबईहून आणली आणि उसाच्या बैलगाड्यांमागून रांगत चालवली. पुढे तिच्या पाण्याच्या पंपाला तडा गेला. तो भाग ओतून घ्यायला ते फौंड्रीत आले, आणि आप्पा तो बसवायला म्हणून स्वतः मुरगूडला गेले. त्या दिवशी डॉक्टर सहज म्हणाले, आता मला झेपत नाही, तीन हजारांना देऊन टाकीन. आप्पा म्हणाले, अंदाज काढतो.

मी अंदाज काढला. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. एका लिटरला नऊ किलोमीटर, म्हणजे पेट्रोल किती. ऑइल आत घालायचं किती आणि खाली गळणार किती. टायर कोल्हापुरात मिळत नाहीत, मुंबईत मिळाले तर त्यांची किंमत. बॅटरी, ब्रेकची रबरं, टॅक्स, विमा, आणि अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी शेकडा दहा. वर्षाची बेरीज दोन हजार तीनशे चाळीस आली. आप्पांचा वर्षाचा पगार तीन हजार एकशे वीस. म्हणजे मोटार सांभाळून माणसाला जगायला महिन्याला पासष्ट रुपये, आणि त्यातले पंचवीस खोलीचं भाडं.

मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, हिरमुसतील. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"म्हंजे अजून इचार कराय जागा हाय," ते म्हणाले आणि खूश होऊन गेले.

तेव्हापासून दरवर्षी मार्च संपला की आमची बैठक बसे. आप्पा एकेका रकमेशी भांडत. चाकाच्या तारा ताणायला मोटारवाला कशाला पाहिजे, आपला सायकलवाला ताणेल. ब्रेकचं रबर मुंबईहून कशाला, नमुना असला की कोल्हापुरात काय वाट्टेल ते होतं. मी चाळीस रुपये कमी करी. पुढच्या वर्षी पेट्रोल वाढे आणि शंभर जास्त होत. आमच्या या बैठकांना माझ्या बायकोनं पत्रिका जुळवणं असं नाव ठेवलं होतं. आप्पा चहाला बसले की ती विचारी, "भावजी, अजून गुणच मोजताय? नवरी म्हातारी झाली की."

"म्हातारी हाय म्हणूनच खर्च बघतोय, वैनी. तरणी असती तर डोळं झाकून घेतली असती."

दर रविवारी सकाळच्या एसटीनं आप्पा मुरगूडला जात. कारण विचारलं तर म्हणत, "मापं घ्यायची हाईत." एकदा पंप, एकदा गिअरची पेटी, एकदा दाराची कडी. उद्या गाडी घेतली आणि एखादा भाग मोडला तर अडायला नको म्हणून ते प्रत्येक भागाचा लाकडी पॅटर्न आधीच करून ठेवत. त्यांच्या फळ्यांवर ती गाडी सागवानात हळूहळू तयार होत होती. कांदे-बटाटे ठेवायला जागा उरली नव्हती. ते गिअरच्या पेटीत ठेवलेले असत.

गंमत म्हणजे इकडे माझा अंदाज वाढे तशी तिकडे गाडीची किंमतही वाढे. डॉक्टर दरवर्षी दोनशे रुपये वाढवत. तीन हजारांची गाडी पाच हजारांवर गेली. वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत चढते, हे मी इतक्या वर्षांच्या तपासणीत कुठल्याच दप्तरात पाहिलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर आप्पा म्हणाले, "असूं दे की. आपल्याला कुटं घाई हाय?"

त्यांच्या फूटपट्टीबद्दलही सांगायला हवं, कारण तिच्यावरून आमचं एकदा वाजलं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीत एक कोनाडा होता, चार फूट रुंद. त्यात बसेल असं कपाट करून घ्यायचं होतं. मी आप्पांची पोलादी पट्टी मागून आणली, स्वतः तीन वेळा माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि गल्लीतल्या सुताराला दिलं. कपाट आलं ते बरोबर अर्धा इंच अरुंद. त्या फटीत झुरळांनी संसार मांडला. मी सुताराशी भांडलो. त्यानं त्याची पट्टी लावून दाखवली, कपाट माझ्या कागदाप्रमाणेच होतं. मग मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. आप्पांची पट्टी फुटामागे एक अष्टमांश इंच लांब निघाली.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. इतकी वर्षं खोट्या पट्टीनं काम करता, असं तोंडावर म्हणालो.

आप्पा रागावले नाहीत. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, त्यांनी समजावलं. एक फुटाचा भाग पाहिजे तर पॅटर्न फुटाहून मोठा लागतो. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब असते. "तुमची पट्टी आत्ता काय हाय ते सांगती, आडिटर. माझी, गार झाल्यावर काय ऱ्हाईल ते बघून बोलती."

कपाटाची फट अजून तशीच आहे. बायको तिला ऑडिटची फट म्हणते.

अकराव्या वर्षी मार्चच्या आधीच आप्पा आले. बसले नाहीत, आवाजही खालचा. डॉक्टरांच्या मुलाचं पुण्याहून पत्र आलं होतं. शेड मोकळी करा, भाड्यानं देऊ. भंगारवाला ठरला आहे, तो पुढच्या शनिवारी येईल. वजनावर अकराशे द्यायला तयार आहे. म्हणजे घ्यायची तर या रविवारीच ठरवायला हवं.

"अंदाज काढा," आप्पा म्हणाले. "आणि या बारीला संगं चला. तुमचं तुम्ही डॉक्टरला सांगा."

मी अंदाज काढला. पेट्रोल तिपटीच्या घरात गेलेलं. बेरीज दोन हजार नऊशे. आप्पांची निवृत्ती दोन वर्षांवर. मी आधीच सांगितलं की यातून हो असं उत्तर निघणार नाही. ते म्हणाले, "निघंल ते सांगा. खोटं काय लिवू नका."

मुरगूडला डॉक्टरांच्या घराच्या मागे पत्र्याची शेड होती. अकरा वर्षं जिचा जमाखर्च मांडला ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. चामड्याच्या सीटा खोबरेल लावून पुसलेल्या. आणि डाव्या सीटवर स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून डॉक्टर आधीच येऊन बसले होते. पंचाहत्तरीचा लहानखुरा माणूस. नजर जवळजवळ गेलेली.

"उशीर झाला आप्पा आज," ते म्हणाले. "बरोबर कोण पावणं?"

"आडिटर."

"अरे वा. ते दोन हजारवाले."

आप्पा स्टिअरिंगवर बसले. मला बसायला तिसरी जागा नव्हती, मी दाराशी उभा राहिलो. गाडी सुरू झाली तसा शेडचा पत्रा थरथरला. गाडी पुढे जाणार नव्हती, तिचे ब्रेक कधीच गेले होते. दोघं नुसते बसून ऐकत होते. डॉक्टरांनी डोळे मिटले होते.

"दुसऱ्या सिलिंडरचा आवाज मागं पडतोय."

"व्हय. ऐकलं म्या."

दहा मिनिटांनी आप्पांनी इंजिन बंद केलं. मग घरातून चहा आला. दोन कप त्यांनी बॉनेटवर ठेवले, सवयीनं, आणि मग माझी आठवण होऊन तिसरा मागवला. हे दर रविवारी असंच चालत असावं, हे मला तेव्हा कळलं. मापं एव्हाना कधीच संपली असणार.

डॉक्टरांनी मला अंदाज वाचायला सांगितला. मी एकेक रक्कम वाचली. आप्पांनी या वेळी एकाही रकमेशी भांडण काढलं नाही.

"कागद चांगला केलात," डॉक्टर म्हणाले. "असा खर्च सांभाळायला मी कुणालाच सांगणार नाही. येऊ दे भंगारवाल्याला."

ते सीटवरून उठले नाहीत. आप्पांनी कप विसळले, गाडीवर कापड घातलं. फक्त डाव्या बाजूनं घालायचं राहिलं, कारण तिथं डॉक्टर बसले होते.

स्टँडवर आम्ही एसटीची वाट पाहत उभे होतो. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि मला असं वाटतं तेव्हा मी बेरीज तपासतो. तिथंच मला एक राहिलेली रक्कम सापडली. एसटीचं भाडं. जाऊन-येऊन सरासरी चार रुपये, वर्षाचे पन्नास रविवार, अकरा वर्षं. दोन हजार दोनशे. भंगाराच्या किमतीच्या बरोबर दुप्पट. गाडी न घेण्यावर या माणसानं दोन गाड्यांचे पैसे घातले होते.

मी विचारलं, "आप्पा, हा खर्च तुम्ही मला कधी सांगितलाच नाहीत."

"त्यो गाडीचा न्हवता."

"मग कशाचा?"

आप्पांनी रस्त्यावर एसटी दिसते का पाहिलं.

"डॉक्टरीणबाई गेल्या त्या सालापास्नं जातोय मी. पोरगं पुण्याला. पेशंट यायचं बंद झालं. रविवारी त्याच्याकडं कोण येतंय?" मग थांबून म्हणाले, "माझ्याकडं तरी कोण येतंय? घेऊन टाकली असती तर गाडी कोल्हापुरात आणाय लागली असती. मग मुरगूडला जायाला कारण काय सांगायचं? आणि त्यो बी किंमत वाढवायचा. त्याला बी ठावं हुतं."

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"आज बगितलासा न्हवं त्याला," आप्पा म्हणाले. "पहिल्यांदा बगितलं तवा ह्यो माणूस ती सीट भरून बसायचा. आकसाय लागलाय, आडिटर. शेड रिकामी केली की दोन म्हैन्यांत काय ऱ्हाईल?"

एसटी आली. मी चढून जागा धरली. खिडकीतून पाहिलं तर आप्पा खालीच उभे होते.

"तुम्ही व्हा म्होरं," ते म्हणाले आणि डॉक्टरांच्या घराकडे चालायला लागले.

सोमवारी ते कामावर गेले नाहीत. संध्याकाळी आले आणि दारातूनच म्हणाले, "इसार दिला. अकराशेला ठरली. शेड मीच भाड्यानं घेतली, म्हंजे पोराचं बी समाधान. गाडी तितंच ऱ्हाणार." माझी बायको चहा टाकायला उठली. जाता जाता म्हणाली की नवरी मिळाली आणि नवरा घरजावई झाला.

मी नवा अंदाज मांडायला बसलो, आणि तेव्हा मला माझी खरी चूक कळली. अकरा वर्षं मी धरून चाललो होतो की आप्पांना त्या गाडीतून कुठंतरी जायचं आहे. ब्रेक तेवढे नीट करून घेतले, रबरं मुंबईचीच, मी हट्ट धरून मागवलेली. बाकी रविवारी शेडपासून वेदगंगेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. आठवड्याला अर्धा लिटर पेट्रोल. त्या हिशेबानं टायर आम्हा तिघांनाही पुरून उरणार होते.

पुढच्या महिन्यात गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा मी बायकोला घेऊन मुरगूडला गेलो होतो आणि सीटांमागच्या सामानाच्या जागेत अवघडून बसलो होतो. शंभर मैलांच्या मीटरवर काटा दहाच्या आसपास थरथरत होता. एक दूधवाला सायकलवर दोन किटल्या लावून आला आणि घंटी वाजवून पुढे निघून गेला. डॉक्टरांना तो दिसला नाही, घंटी तेवढी ऐकू आली. त्यांनी आप्पांना विचारलं, "कुणाला मागं टाकलं रे?"

"सायकलवाला हुता," आप्पा म्हणाले.

परत आल्यावर डॉक्टर आधार न घेता खाली उतरले. चहा झाला. चार कप होते, एक माझ्या बायकोचा. मी खिशातून कागद काढला आणि येत्या वर्षाचा खर्च वाचायला लागलो.

"येका वर्साचा कशाला?" आप्पा म्हणाले. "धा वर्सांचा काढा. आणि ही पट्टी घ्या माझी."

एरवी मी एका वर्षापलीकडचं काही कागदावर आणत नाही. पण मी तिथंच बॉनेटवर कागद ठेवला आणि आप्पांच्या लांब पट्टीनं दहा रकाने आखले. दहाव्या रकान्यात टायरही धरले.