नाईक सरांची साठ फुटी दोरी

नाईक सर दर रविवारी मैदान मोजतात. मैदान भोईवाड्यातलं, आमच्या जन्माआधीपासून तिथेच पडलेलं, पण सरांचा त्याच्यावर विश्वास नाही. सकाळी सातला गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन ते येतात, होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, एक टोक आमच्या टीममधल्या कांबळेच्या पायाखाली देतात, आणि दुसरं धरून अंतरपाट धरल्याच्या गांभीर्यानं पहिल्या बेसकडे चालू लागतात.

"साठ फूट," ते शिट्टी फुंकून जाहीर करतात. "नियम म्हणजे नियम. सासुरवाडीचा आग्रह नव्हे, कमी-जास्त करायला."

"सर, मैदान काय आठवड्याभरात धुऊन आटतं?" मी एकदा विचारलं.

शिक्षा म्हणून मैदानाला एक फेरी मिळाली. माझं वय अडुसष्ट, बँकेतून सन्मानानं निवृत्त, आणि मी ती फेरी मारली. हसावं कुणाला हेच कळेना.

सर शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर छळायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. साठीवरच्यांची सॉफ्टबॉल लीग. चार टीम: शीव, वडाळा, लालबाग आणि आम्ही. बावीस गोळ्या आणि दोन कवळ्या सांभाळून मैदानात उतरणारे हे वीर. त्यात सगळे जन्मभर क्रिकेट खेळलेले. पहिल्याच मॅचला मी बॉल टोलावला आणि सवयीनं बॅट हातात घेऊन सरळ बॉल टाकणाऱ्या पिचरच्या अंगावर धावत सुटलो. शीवचा तो सत्तरीचा गृहस्थ जीव मुठीत धरून बाजूला झाला. त्याच्या जागेवर बॅट टेकवली, वळलो आणि दुसरी रन काढायला निघालो.

"परब," सर थंडपणे म्हणाले, "बॅट खाली ठेव आणि उजवीकडे पळ. तिथे बेस आहे. गेली कित्येक वर्षं तिथेच असतो."

उशीर झाला तर सुनेची चिठ्ठी लागते. कांबळेनं एकदा आणली, ती सरांनी सर्वांसमोर वाचली. 'बाबांचं पोट बिघडलं होतं.' लालबागवाले अजून विचारतात, पोट कसंय.

असल्या माणसाला काळीज नसणार, ही माझी खात्री जाधवमुळे पक्की झाली. आमचा जाधव गेल्या वर्षी सलग चार रविवार पहिल्या बेसआधीच आउट झाला आणि यायचाच थांबला. सरांनी पुन्हा त्याचं नावही काढलं नाही.

माझा खेळ मात्र सुधारत होता. पूर्वी निम्म्या वाटेत आउट व्हायचो, यंदा चक्क बॉलच्या आधी बेसवर पोचू लागलो. लाल बूट घेतले. घरी जाहीर केलं, "माझा स्पीड वाढलाय."

"भाजी आणताना कुठे जातो तो?" बायको म्हणाली.

परवा चष्मा ग्लोव्हमध्येच राहिला. खेळाचं सामान सरांच्या खोलीवर असतं, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांच्या चाळीत गेलो. सर गॅलरीत स्टुलावर बसले होते. मांडीवर ती दोरी, हातात कात्री. त्यांनी मोजून हातभर तुकडा कापला. पायाशी तसलेच आणखी पाच-सहा जुने, मळके तुकडे पडले होते.

"सर?"

"हाक मारून यायची पद्धत आहे," ते दचकून म्हणाले.

"किती फूट राहिलीय?"

"पन्नास." कात्री खाली ठेवत म्हणाले, "कांबळेची बायपास झालीय. आणि तुझं तर बघवतच नव्हतं."

माझा स्पीड त्या गॅलरीतच वारला.

"आणि नियम?"

सर दोरी गुंडाळत राहिले. "जाधवच्या वेळी नियमच धरून बसलो ना. चारही वेळा मीच आउट दिलं त्याला. आता तो दिवसभर खिडकीत बसतो. रोज खालून हाक मारतो मी. उतरत नाही."

मी चष्मा घेऊन निघालो, तर मागून म्हणाले, "परब, तू जाऊन ये. तुला बेस मिळतो हे कळलं तर त्याला धीर येईल. कुणालाही येईल."

रविवारी पहाटे लाल बूट घालून जिना चढून जाधवच्या खोलीवर गेलो. तो खिडकीतच होता.

"जाधव, मी पोचतो रे हल्ली पहिल्या बेसवर. साठ फूट."

त्यानं आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग पुन्हा पोटाकडे.

"तू?"

"मी."

तो खिडकीतून उठला, आणि कॉटखालचे बूट पायानं बाहेर ओढू लागला.